तेहतीस वर्षांची सरकारी नोकरी

२ सप्टेंबर, सोमवार

आणि वर माझी बायको जेमिमा म्हणते, तू तिथे कामाला जात नाहीस, गप्पा ठोकायला जातोस. हे तिचं महिन्याभरात तिसऱ्यांदा. मी म्हटलं, तू नर्स आहेस म्हणून तुझं ते काम आणि माझ्या त्या गप्पा का? तर म्हणे, पेशंटच्या घरात लागतं तेवढंच बोलावं, बाकी तोंड मिटून राहावं. अलिबाग-रेवदंडा मी सात वर्षं सहा आसनी चालवली. एकही पॅसेंजर न बोलता सोडला नाही. आता एकतिसाव्या वर्षी मुका होऊ?

खरं दुखणं वेगळंच आहे. मी तिच्या व्हिसावर इथे आलो. तिचा पगार मोठा, माझा छोटा. नवरा नववी नापास, तोही दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला आंघोळ घालतो. ती असं कधी म्हणत नाही. पण न म्हणण्याचीही तिची एक पद्धत आहे.

साहेब मात्र मला माणसात धरतात. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, मेडा व्हेलसारख्या श्रीमंत वस्तीत एवढा मोठा फ्लॅट, आणि मला म्हणतात, बस, उभा का? ही वहीसुद्धा त्यांनीच दिली. म्हणाले, तुझ्या भाषेत लिही, पण रोज लिही. काय झालं, कोण आलं, कोण काय बोललं. मग मला सांगताना विसरणार नाहीस. कातडी पुठ्ठ्याची वही आहे, दुकानात वीस पौंडाला तरी असेल.

आज मी विचारलं, साहेब, तुम्ही तुमच्या देशात काय करत होता? म्हणाले, सरकारी नोकरी. किती वर्षं? तेहतीस. मी हातच जोडले. आमच्या पप्पांनी एसटी डेपोत एकोणतीस काढली तर गावात सत्कार झाला होता. म्हटलं, एकाच खात्यात? तर हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी पाणी द्यावं लागलं.

त्या देशाचं नाव मला नीट म्हणता येत नाही. नकाशात दाखवलं त्यांनी एकदा.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज साहेब बाथरूममध्ये पडले. मी टॉवेल आणायला वळलो तेवढ्यात. डोकं टबच्या काठापासून वीतभर लांब आपटलं, नाहीतर संपलंच होतं. ते मात्र जमिनीवरून शांतपणे म्हणाले, दार लाव.

उचलून खुर्चीत बसवलं. त्यांची एक हिरवी खुर्ची आहे, दाराकडे तोंड करून ठेवलेली. तीत बसले की त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर येतो. तिथे बसून म्हणाले, हे केअर नोट्समध्ये लिहू नकोस.

केअर नोट्स म्हणजे आम्हाला इथे पाठवणाऱ्या एजन्सीची निळी फाइल. सकाळी मनीषाताई लिहिते, दुपारी एकनंतर मी. आम्ही दोघं पाळीने, शनिवारी साहेबांची मुलगी स्वतः येते. पडणं तर लिहावंच लागतं, तो नियमच आहे. पण ते म्हणाले, माझी मुलगी मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकायला टपली आहे, तिला असा एक कागद हवाय फक्त. तुझ्या वडिलांना टाकशील का तू?

नाही लिहिलं. 'जेवण झालं, मूड चांगला' असं लिहिलं. तेवढं इंग्रजी मला येतं.

८ सप्टेंबर, रविवार

आज मनीषाताईने वांग्याची भाजी आणली होती. वर्ध्याची आहे, तिखट असं घालते की कान बंद होतात. एक वाजता मी येतो तेव्हा ती निघते, मधली दहा मिनिटं आमची मराठीची. दिवसभरात तेवढीच. जेमिमाच्या ड्यूट्यांमुळे घरात तर आम्ही चिठ्ठ्यांवरच बोलतो.

तिला म्हटलं, ताई, रविवारी तरी जरा टेक की. तर इकडे तिकडे पाहून म्हणाली, कुठलं टेकतं बापा, इथून वेम्बलीला जाते, इलिंग रोडवर एका मिठाईच्या दुकानात रात्री नऊपर्यंत डबे भरते. रोख देतात. तिचा व्हिसा एजन्सीच्या स्पॉन्सरशिपवर आहे, असं रोखीचं काम तिला चालत नाही. कळलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाही मिळाला तर परत. एजंटाला चौदा लाख देऊन आली आहे. तिची मुलगी तिकडे अकरावीला.

"तुला म्हणून सांगितलं," म्हणाली.

११ सप्टेंबर, बुधवार

साहेबांनी चहा झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, आज काय काय झालं? हे त्यांचं रोजचं. हात पोटावर, डोळे मिटलेले, आणि ऐकतात. असं ऐकणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मधे बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. मी त्यांना आमची खोली, घरमालक, जेमिमाचा अबोला, सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगतो.

आज म्हणाले, मनीषा अलीकडे थकलेली दिसते, तिची काळजी वाटते. आजारी आहे का? मी म्हटलं, आजारी नाही साहेब, रविवारी पण काम करते ना ती दुसरीकडे. कुठे? सांगितलं. बिचारी, म्हणाले. खूप कष्टाळू बाई. मग म्हणाले की आपण तिचा पगार वाढवायला हवा.

मला बरं वाटलं. तिचं भलं होणार असेल तर माझ्या तोंडाचा काही उपयोग झाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

घरात गडबड. मनीषाताईने निळ्या फाइलीत साहेब दोनदा पडल्याचं लिहिलंय, मंगळवारी एकदा आणि काल एकदा. मुलीने वाचलं. त्या मॅडम पन्नाशीच्या, कायम कोट घालूनच असतात, बसत नाहीत. म्हणाल्या, बाबा, आता होमचं बघावंच लागेल. साहेब शांत होते. म्हणाले, ही बाई माझ्यावर रागावली आहे, म्हणून खोटं लिहिते. दुपारी सियोन असतो, त्याला विचार, त्याने मला कधी पडताना पाहिलं का?

मॅडम माझ्याकडे वळल्या. साहेबही बघत होते. खुर्चीत इतका छोटा दिसत होता माणूस.

मी म्हटलं, नो मॅडम.

एवढंच म्हटलं. मनीषाताई खोटं बोलते असं मी म्हटलेलं नाही. तिच्या वेळेला पडले असतील. मला फक्त माझं विचारलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

मनीषाताईला काढलं.

मी एक वाजता पोचलो तर ती दाराबाहेर, जिन्यात. हातात तिची चप्पल आणि डबा पिशवीत. सकाळी दहालाच एजन्सीच्या मॅनेजरचा फोन आला म्हणे. खोट्या नोंदी आणि परवानगीशिवाय दुसरं काम. दुकानाचं नावसुद्धा सांगितलं त्याने तिला, पत्ता पण. तरी एक वाजेपर्यंत ती थांबली, कारण म्हाताऱ्याला एकटं सोडता येत नाही, तोही नियमच.

"दुकानातल्याच कोणीतरी सांगितलं असेल रे," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मग पिशवीकडे.

मी जिन्यात उभाच. ती खाली जाताना लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले उतरून गेली, आणि मला तिच्या पावलांचा प्रत्येक आवाज ऐकू येत होता. आत साहेब. म्हणाले, आलास? आज काय काय झालं?

मी विचारलं, साहेब, तिचा पगार वाढवणार होतात ना? ते म्हणाले, तिने विश्वास तोडला. आपल्या घरात विश्वास सगळ्यात मोठा. 'आपल्या घरात' म्हणाले.

दुकानाचं नाव मीच तर सांगितलं. आणि कोणाला माहीत होतं?

जेमिमाला सांगितलेलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

उद्यापर्यंत म्हणे दुसरं माणूस मिळेल, तोवर सकाळची पाळीही मी. सकाळी सात ते रात्री आठ. इल्फर्डहून एलिझाबेथ लाइनने साडेपाचला निघतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

उद्या उद्या करत आठवडा गेला. मनीषाताईला दोन मेसेज केले, दोन्हीला उत्तर म्हणून फक्त नमस्काराचे हात पाठवले.

साहेब काल पुन्हा पडले. बेडरूममध्ये. मी लिहिलं नाही. आता लिहू तरी कसं? लिहिलं तर मग तिचं खरं ठरतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

चालत्या ट्रेनमध्ये लिहितोय. अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

आजपासून सकाळला नवा माणूस आला, श्रीनिवास नावाचा, म्हणून दोन आठवड्यांनी मला कामाच्या दिवशी सकाळ मोकळी मिळाली. उद्या संध्याकाळी आम्हा ज्यूंचं नवं वर्ष बसतं, केस कापून घ्यावेत म्हणून इल्फर्ड स्टेशनजवळच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. माझ्याच वयाचा आहे, कुठल्या देशाचा ते मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही फुटबॉलवर बोलतो.

त्याने एक बाजू मशीनने केली. मला आठवण झाली, साहेबांच्या मिशा मीच कातरतो आणि एक टोक कायम वर जातं. म्हटलं, ही मिशी कशी कातरायची दाखव जरा. मोबाइलवर फोटो होता. साहेबांना फोटो आवडत नाही, पण ते खुर्चीत झोपले असताना आईला दाखवायला म्हणून मी काढला होता.

त्याने मोबाइल हातात घेतला. मशीन चालूच होती. ती तशीच चालू ठेवून त्याने टेबलावर ठेवली, ती गरगरत गरगरत काठापर्यंत गेली आणि खाली पडली. त्याने उचलली नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

मला वाटलं चक्कर आली. मी उठलो, गळ्यात ते कापड तसंच.

तो म्हणाला, "हा चेहरा आमच्या नोटेवर होता."

मला कळेना. कुठली नोट? म्हणाला, पैशाची नोट. सगळ्या नोटांवर. शाळेत फळ्याच्या वर. दवाखान्यात. माझे वडील जन्मले त्या वर्षी हा गादीवर बसला, आणि माझ्या वडिलांना नेलं तेव्हाही हाच होता. तेहतीस वर्षं.

तेहतीस. मी हात जोडले होते. सत्कार झाला होता म्हणालो होतो.

मग तो बोलत राहिला, गिऱ्हाइकं आली तर हाताने परत पाठवली. त्यांच्याकडे दर इमारतीत एक माणूस असायचा, त्याला वही दिलेली असायची. वाईट माणूस नसायचा, म्हणाला. आमच्या मजल्यावरचा तर मला पतंग करून द्यायचा. तो फक्त लिहायचा, कोण आलं, कोण काय बोललं, कोणी काय विकत आणलं. आठवड्याने येऊन वाचून जायचे. माझ्या वडिलांनी लग्नासाठी दोन पोती तांदूळ आणला. त्याने लिहिलं, दोन पोती. लग्न लिहायचं राहिलं. त्यांनी वाचलं की एवढ्या तांदळावर किती माणसं जमणार, आणि कशाला जमणार. वडील परत आले नाहीत. तो शेजारी आमच्याकडे येऊन आईच्या पायाशी बसला होता म्हणे, मी तर नुसतं तांदूळ लिहिलं म्हणून.

मला वांग्याच्या भाजीचा वास येत होता, त्या न्हाव्याच्या दुकानात, कुठून कोण जाणे.

तो मला तू तिथे काय करतोस, कुठे राहतो तो, असं काही विचारेल म्हणून मी घाबरलो होतो. त्याने नाही विचारलं. निघताना एवढंच विचारलं, "त्याला झोप लागते का?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, हो. छान लागते.

त्याने मान हलवली. पैसे घेतले नाहीत. माझी दुसरी बाजू तशीच राहिली, ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. प्लॅटफॉर्मवरच्या काचेत दिसलं तेव्हा टोपी घेतली.

२ ऑक्टोबर, बुधवार

कालचं उरलेलं.

एक वाजता गेलो. टोपी काढली नाही. साहेब म्हणाले, घरात टोपी? काढली. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. अर्धं कापलेलं, अर्धं नाही. मी म्हटलं, घरी कापत होतो, मशीन बिघडली.

मग साहेबांनी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"काय साहेब?"

"जे तू दारातून आत घेऊन आलास ते."

त्याच आवाजात. रोजच्या. आज काय काय झालं, त्याच आवाजात. आणि माझं तोंड उघडलं होतं. मी शपथेवर लिहितो, न्हाव्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, मला सवय लागली आहे, त्यांनी विचारलं की माझं आपोआप सुरू होतं. त्याची आई अजून त्या देशातच आहे, काल तोच म्हणाला. मी जीभ चावली. खरीच चावली, रक्त आलं.

मी म्हटलं, पेपरात वाचलं.

"तुला इंग्रजी पेपर वाचता येत नाही, सियोन," म्हणाले. अगदी मायेने.

मग त्यांनी डोळे मिटले आणि चहा मागितला. मी करून दिला. दोन साखर. हात पुसून दिले, पाय चेपले, गोळ्या दिल्या. तेहतीस वर्षं एका अख्ख्या देशाने असंच केलं असेल. दुसरं काय करणार, चारपर्यंत गोळी द्यायचीच असते.

न्हाव्याचं नाव या वहीत मागे एका पानावर होतं. ते खोडलं. मग पानच फाडलं. त्या देशाचं नावही आता लिहिणार नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

जेमिमाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? तसं काही म्हणाली नाही. तिने विचारलं, मनीषाबद्दल साहेबांना सांगायला त्यांनी तुला काही दिलं का? मी म्हटलं, नाही. कसला दबाव आणला? नाही. मग का सांगितलंस?

मी खूप विचार केला. म्हटलं, ते ऐकत होते म्हणून.

ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, मी ऐकत नाही असं म्हणायचंय का तुला? मी म्हटलं, तसं नाही. मग ती येऊन माझ्या शेजारी बसली.

७ ऑक्टोबर, सोमवार

निळ्या फाइलीत लिहिलं. जेमिमाने कागदावर काढून दिलं, मी उतरवलं. पाच सप्टेंबरला साहेब बाथरूममध्ये पडले, मी पाहिलं. तेवीस सप्टेंबरला बेडरूममध्ये पडले, मी पाहिलं. मनीषाने लिहिलेलं खरं आहे. मी मॅडमना खोटं सांगितलं. खाली सही. दोन वर्षांत इंग्रजीत एवढं पहिल्यांदा लिहिलं, पाऊण तास लागला.

आता मॅडम वाचतील, साहेबांना होममध्ये नेतील, एजन्सीला मनीषाताईला परत घ्यावं लागेल. तिला मेसेजवर विचारलं, क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून साठ दिवसांचं पत्र अजून आलेलं नाही, म्हणजे वेळ आहे. पत्र यायच्या आत झालं म्हणजे झालं.

९ ऑक्टोबर, बुधवार

मला काढलं.

अजून विश्वास बसत नाही. मॅडम आल्या, फाइल हातात. म्हणाल्या, हे तू लिहिलंस? हो म्हटलं. साहेब हिरव्या खुर्चीत. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाले, त्या बाईचे आणि याचे काय संबंध होते ते मला बोलायला लावू नकोस. दोघं रोज दारात उभे असायचे, त्यांच्या भाषेत कुजबुजायचे. आता ती गेली म्हणून हा सूड घेतोय. आठवडाभर सकाळी श्रीनिवास आहे. त्याला विचार, त्याने मला कधी पडताना पाहिलं का?

श्रीनिवास निघायच्या तयारीत होता. बॅग खांद्याला. मॅडम त्याच्याकडे वळल्या, आणि मी त्याचा चेहरा बघितला. खालून वर पाहिलं त्याने, खुर्चीकडे, मग मॅडमकडे. कानाच्या पाळ्या लाल. मला माहीत होतं तो काय म्हणणार, मी ते आधीच म्हटलेलं होतं.

"नो मॅडम," म्हणाला.

त्याच्या बॅगेच्या वरच्या खणातून कातडी पुठ्ठ्याची वही दिसत होती. कोरी करकरीत.

माझं सामान म्हणजे डबा आणि टोपी. मी जाताना साहेब म्हणाले, काळजी घे, सियोन. मनापासून म्हणाले असं वाटलं. त्याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसलाय. जिन्यात उतरताना वाटलं होतं की मागे काहीतरी कोसळल्याचा आवाज येईल. काही आला नाही. वर टीव्ही लावल्याचा आला.

साहेब तिथेच आहे. उद्याही तिथेच असेल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सूर्यास्तापासून उपास. आमच्याकडे त्याला दार फळणीचा सण म्हणतात, दार लावून घ्यायचं, देवाशिवाय कोणाशी बोलायचं नाही. पण देव माफ करतो ते देवाचं. माणसाचं वाईट केलं त्याची माफी त्या माणसापुढे जाऊन मागावी लागते, तेही दार लावायच्या आधी. पप्पा दरवर्षी माफी मागत गावभर फिरायचे. डेपोतल्या क्लार्ककडेसुद्धा जायचे, ज्याच्याशी वर्षभर भांडायचे. मी कधी गेलो नाही. माझं कोणाचं काय वाईट असणार, असं वाटायचं.

दुपारी वेम्बलीला गेलो. मनीषाताईच्या घराचा पत्ता माझ्याकडे नव्हता, फोनवर ती इलिंग रोडच्या देवळापाशी भेटते म्हणाली. मिठाईच्या दुकानातूनही तिला काढलंय, एजन्सीचा फोन गेल्यावर मालक घाबरला. बाहेरच्या बाकावर बसलो. तिने विचारलं, केस काय झाले रे तुझे? जेमिमाने कात्रीने सारखे केलेत, कसेतरीच. तिला हसू आलं. मला वाटलं, आता नको सांगायला, ती हसतेय.

सांगितलं. पडलेलं लपवलं ते, नो मॅडम ते, दुकानाचं ते. साहेब कोण होता तेही. सगळं एका दमात, आणि मधे मधे बस जाईपर्यंत ती मला थांबायला लावायची, आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून. एकही शब्द सोडायचा नव्हता तिला.

मग म्हणाली, "मला जिन्यातच समजलं होतं."

म्हटलं, मग बोलली का नाहीस ताई?

"बोलले असते तर तू हो म्हणाला असता. मग तुझ्याशी बोलणं तोडावं लागलं असतं. इथे माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं कोण होतं बापा?"

मी माफी मागितली. कशी मागायची ते पप्पांकडून ऐकलंय, तीनदा मागायची असते. दोनदा मागितली, तिने समोरच्या भाजीवाल्याच्या कोथिंबिरीकडे बघितलं. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा म्हणाली, "माफीचं नंतर पाहू. आधी लिहून दे."

एक सॉलिसिटर आहे म्हणे इल्फर्डमध्ये, अशा केसेस बघतो. एजन्सीने दुसऱ्या बाजूची चौकशीच केली नाही हे दाखवता आलं तर निदान नव्या स्पॉन्सरपुढे तिचं नाव खोटी म्हणून जाणार नाही. दुकानाचं काम तिने केलंच, ते पुसता येत नाही. पण खोटेपणा पुसता येईल. त्यासाठी तिला माझी सही हवी. मी खोटं बोललो असं, तारखांसकट. ती म्हणाली, विचार करून दे, तुलाही मग कोणी केअररचं काम देणार नाही.

मी तिथेच बाकावर मराठीत लिहून दिलं. जेमिमा इंग्रजी करून देणार आहे. ताईने दोनदा वाचलं आणि एक ओळ खोडायला लावली. मी लिहिलं होतं, माझ्याकडून चुकून सांगितलं गेलं. ती म्हणाली, चुकून नाही. तू सांगितलंस. तसं लिही.

तसं लिहिलं.

घरी पोचलो तेव्हा जेमिमाने मेणबत्त्या लावल्या होत्या. ड्यूटी बदलून घेतली होती तिने.

१३ ऑक्टोबर, रविवार

उपास काल सुटला. आज शिळा सण, हात सैल करायचा दिवस. कोणाला काही द्यायचं असतं.

मला काय द्यायचं ते काल दिवसभर दार लावून बसलो तेव्हाच ठरलं होतं. सतरा ते तीस सप्टेंबर, दोन शनिवार सोडून, तिच्या बारा सकाळी मी केल्या. सहा सहा तास, तासाला बारा पौंड. त्या सकाळी माझ्या नव्हत्या. तिच्या होत्या, आणि मला कशा मिळाल्या ते मी लिहून सही केलंय.

जेमिमाला आकडा दाखवला. म्हणाली, टॅक्स कापून एवढे आले नाहीत तुला. म्हटलं, टॅक्स माझ्याकडून. ती म्हणाली, भाडं अठ्ठावीसला आहे आणि तुला नोकरी नाही. माहीत आहे, म्हटलं. मग तिने तिच्या फोनवरून माझ्या खात्यात कमी पडत होते ते टाकले आणि आंघोळीला गेली.

मनीषाताई चिडेल. फोन करून म्हणेल, तुझे पैसे नको मला. तिला सांगणार, माझे नाहीतच. पैसे पाठवताना खाली नोटमध्ये काहीतरी लिहायला जागा असते, तिथे खूप वेळ काय लिहावं सुचेना, शेवटी तिचं नाव लिहिलं.

आठशे चौसष्ट पौंड.